येऊ घातलेला जुना कॅमेरा

सव्वादोन वर्षे मी एका कॅमेऱ्याची वाट पाहिली. तो निघणारच असे छातीठोकपणे कोणी सांगत नव्हते. जी कंपनी तो काढायची तिने त्याविषयी चकार शब्द उच्चारला नव्हता. तरीही तो दिसेल कसा, त्याच्या डोक्यावर तबकड्या किती असतील, त्यांवरचे आकडे कोरलेले असतील की नुसते छापलेले, हे सारे मला आणि माझ्यासारख्या देशोदेशींच्या हौशी मंडळींना तोंडपाठ होते. वर्गात मुलांना निबंधाला विषय घालून मी खिडकीशी उभा राही आणि त्या नसलेल्या कॅमेऱ्यात रमून जाई. घरात एकदा विचारणाही झाली, "अहो, ते यंत्र अजून जन्माला यायचंय ना? मग बारशाची एवढी घाई कशाला?"

दिवाळी अंकात परीक्षण लिहायचे तर ते पुस्तकाचे लिहावे, फार तर नाटकाचे. परंतु खरे सांगायचे तर २०२१ ते २०२३ या काळात मी अनुभवलेली सर्वांत रंगलेली कादंबरी म्हणजे ही अफवाच. तिला लेखक नव्हता, किंवा असंख्य होते. तिच्यात रहस्य होते, विरह होता, मधूनच पुढे येऊन काहीतरी कुजबुजून जाणारी गौण पात्रे होती. आणि शेवटी नायक रंगमंचावर आलाही. मॅट्रिकच्या पुढे पाऊल न टाकलेल्या मास्तराला यंत्रातले काय कळते, असे कोणी म्हणेल. यंत्रातले फारसे कळत नाही. पण गोष्ट कशी रचली जाते आणि कुठे फसते, हे चार कादंबऱ्या लिहून थोडेफार कळू लागले आहे.

घरातल्या ज्या मंडळींचा कॅमेऱ्याशी संबंध फोनपुरताच उरला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. पूर्वीच्या चांगल्या कॅमेऱ्यात भिंगामागे पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असे. भिंगातून आलेला उजेड त्यावरून वर जाई, वरच्या पंचकोनी लोलकात वळसे घेई आणि आपल्या डोळ्यापर्यंत येई. बटण दाबले की आरसा टपकन वर उचलला जाई, उजेड फिल्मवर पडे आणि आरसा पुन्हा आपल्या जागी. त्या लोलकाला जागा हवी म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर देवळाच्या शिखरासारखा एक उंचवटा आला. पुढे फिल्म गेली, सेन्सर आला. आणि २००८ साली पॅनासॉनिकने जी-१ नावाचा कॅमेरा काढला त्यात आरसाही नव्हता. सेन्सरला जे दिसते तेच एका चिमुकल्या पडद्यावर डोळ्याला दाखवायचे, की झाले. हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा. मी ज्याची वाट पाहत होतो तो असा बिनआरशाचाच, पण जुन्या घाटाचा असणार होता. आरसा नाही, लोलक नाही, आणि डोक्यावर शिखर मात्र आहे! देव उठून गेले तरी देऊळ बांधतच राहावे, तशातला हा प्रकार.

'घाट' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या समीक्षकांनी एके काळी घाट आणि आशय यांच्या नात्यावर पुष्कळ शाई खर्च केली. तो वाद मला तेव्हा पुस्तकी वाटला होता; पण हातात कॅमेरा घेतल्यावर तो बोटांना कळला.

तो कॅमेरा माझ्या मामांचा. मामा तालुक्याच्या गावी लग्नामुंजींचे फोटो काढीत. त्यांच्याजवळ दुसऱ्या हाताने घेतलेला निकॉनचा एफएम-२ होता. हा कॅमेरा १९८२ साली निघाला. त्याच्या शटरची पाती टिटॅनियमची, त्यांवर मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी, आणि वेग सेकंदाचा चार हजारावा भाग. त्या काळी तसा वेग दुसऱ्या कुठल्याही बाजारी कॅमेऱ्याजवळ नव्हता. आत सारे चाक-स्प्रिंगांचे काम. बॅटरी होती, परंतु ती उजेड मोजण्यापुरती. संपली तरी कॅमेऱ्याचे काही अडत नसे. फिल्म पुढे सरकवण्याचा खटका किंचित बाहेर ओढून बटण हलके दाबले की मोजणी जागी होई आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तीन तांबड्या खुणांपैकी एखादी पेटे: अधिक, शून्य, उणे. बस्स. डोक्यावर वेगाची तबकडी, तिच्यातल्याच इवल्याशा खिडकीत फिल्मची संवेदनक्षमता, आणि भिंगाच्या गळ्यात अॅपर्चरचे, म्हणजे उजेडाच्या वाटेचे कडे. मामा म्हणत, "अरे, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी वाचायचा असतो." मांडवाच्या दाराशी उभे राहून ते तबकडीकडे एक नजर टाकीत, डाव्या हाताने कडे एक घर फिरवीत आणि मगच नवरीकडे पाहत. छत्तीस फोटो. त्यातले दोन वाया गेले तर रात्री जेवताना ते गप्प असत.

मामा गेले तेव्हा मामींनी तो कॅमेरा माझ्या हातात ठेवला. एकदा मी तो शाळेत नेला. सातवीच्या एका मुलीने तबकडी फिरवून पाहिली आणि विचारले, "सर, चार हजार म्हणजे पुष्कळ वेळ का?" मी म्हटले, उलट, आकडा मोठा तितका वाटा लहान, वरचा एक आणि मधली रेघ तबकडीवर लिहीत नाहीत एवढेच. अपूर्णांकांचा जो पाठ मला फळ्यावर तीन दिवसांत साधला नव्हता तो त्या तबकडीने दोन मिनिटांत साधला. पण पोरगी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. एक, दोन, चार, आठ असे मोजत ती पंधरापाशी अडली. "सर, आठाची दुप्पट सोळा. हे पंधरा का?" पुढे साठानंतर एकदम एकशेपंचवीस पाहून तिने मान हलवली, "आणि इथं पाच जास्त." चाळीस वर्षे छायाचित्रकारांनी निमूटपणे मान्य केलेली ती तडजोड एका पोरीने एका दमात पकडली! ती पकडता आली, कारण ती तबकडीवर उघड लिहिलेली होती. यंत्राच्या पोटात जे घडणार तेच यंत्राच्या पाठीवर वाचता येत होते. याला मी घाट म्हणतो. त्या तबकडीला खोटे बोलताच येत नव्हते.

आता त्या अफवेकडे वळू. तिला पूर्वपीठिका आहे, आणि ती जाणल्यावाचून आमचे वेड समजायचे नाही.

२०१० सालच्या सप्टेंबरात जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात फुजीफिल्मने एक्स-१०० हा कॅमेरा मांडला. भिंग कायमचे बसवलेले, वर वेगाची तबकडी, भिंगाला अॅपर्चरचे खरेखुरे कडे; आणि खिडकी अशी की एक खटका ओढला तर काचेतून पाहा, दुसऱ्यांदा ओढला तर पडद्यावर. तो हाती यायला मात्र पुढल्या वर्षीचा मार्च उजाडला, आणि त्याच मार्चच्या ११ तारखेला जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली. सेंदाईजवळचा कारखाना बंद ठेवावा लागला आणि वाट पाहणाऱ्यांची वाट आणखी लांबली. पण ती प्रतीक्षा प्रामाणिक होती. वस्तू लोकांनी पाहिलेली होती. उशीर होता तो येण्याचा.

निकॉनने २०१३ साली केले ते याहून निराळे. डीएफ हा कॅमेरा येण्याआधी काही दिवस त्यांनी एकामागून एक छोट्या चित्रफिती सोडल्या. धुकट डोंगराळ मुलुखात एक एकटा माणूस हिंडतो आहे, हातात काहीतरी आहे, पण ते नीट दिसत नाही. कानावर मात्र तबकडी फिरल्याचा कट्‌कट् आवाज येतो. 'शुद्ध छायाचित्रण' अशा अर्थाचे घोषवाक्य. मी त्या चित्रफिती किती वेळा पाहिल्या हे सांगायला लाज वाटते. कथाकथनाच्या दृष्टीने ते काम उत्तम होते यात शंका नाही. नायकाचा चेहरा न दाखवता त्याची पावले ऐकवावीत, ही युक्ती जुनीच. पण ती नेमकी साधली होती.

मग ५ नोव्हेंबरला डीएफ आला. एफएम-२ ची उंची ९० मिलिमीटर होती, याची ११०. त्याचे वजन ५४० ग्रॅम, याचे बॅटरी न घालताच ७१०. किंमत अमेरिकेत सुमारे २,७५० डॉलर. आत निकॉनच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या कॅमेऱ्याचा, डी-४ चा, १६ मेगापिक्सेलचा सेन्सर. चलच्चित्रणाची सोय मुद्दाम गाळलेली. कृश, चपळ नायकाची वर्णने ऐकून थिएटरात बसावे आणि पडदा वर गेल्यावर भरजरी अंगरख्यात घामेजलेला धिप्पाड गृहस्थ समोर यावा, तशी आमची अवस्था झाली. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवी. भिंगाच्या बैठकीपाशी त्याला एक बारीकशी तरफ होती, ती दुमडता येई. त्यामुळे १९५९ पासूनची निकॉनची जुनी भिंगे त्याला लागत, आणि त्या भिंगांबरोबर अॅपर्चरचे कडेही परत येई. डीएफला हसणाऱ्यांनी ही तरफ पाहिली नाही. त्याच्या साऱ्या पोशाखात तेवढी एकच गोष्ट स्मरणरंजनासाठी केलेली नव्हती, आणि जुन्याशी खरा सांधा जुळत होता तो तिच्यातूनच.

त्यापुढचा इतिहास जरा विनोदी आहे. २०२० साली निकॉनने आपला शेवटचा फिल्म कॅमेरा, एफ-६, बंद केला. वर्ष उलटते न उलटते तोच, २०२१ च्या जूनअखेरीस, झेड एफसी आला. बिनआरशाचा, आणि हुबेहूब एफएम-२ चा चेहरा घेतलेला. कपाळावर कंपनीचे नावसुद्धा जुन्या वळणाच्या अक्षरांत. बापाला घराबाहेर काढून त्याची तसबीर दिवाणखान्यात लावण्यातला हा प्रकार. कॅमेरा हलका, देखणा होता. परंतु त्याचा सेन्सर लहान, क्षेत्रफळाने पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या निम्म्याहूनही कमी. नावातल्या 'सी' चा अर्थ कंपनीनेच 'कॅज्युअल' असा सांगितला होता. म्हणजे हा सहज, जाता जाता वापरायचा. मग जो सहज नाही, तो कुठे आहे?

बस्स, या एका प्रश्नातून ती अफवा जन्मली. हा धाकटा आला, म्हणजे थोरला येणारच! पुऱ्या चौकटीचा, धातूचा, जड. कोणी म्हणे पुढल्या वर्षी, कोणी म्हणे रद्द झाला, कोणाच्या ओळखीच्या माणसाने तो प्रत्यक्ष हाताळला होता. यात माझे लक्ष वेधले ते एका गोष्टीने. सांगणारा प्रत्येक जण आपल्या हरवलेल्या कॅमेऱ्याचेच वर्णन करीत होता. ज्याच्या वडिलांकडे काळ्या रंगाचा होता तो म्हणे, काळाच असेल. जो चुकून पाठीमागच्या पडद्यात हरवून जाई तो म्हणे, याला पडदाच नसेल. आणि मी? मी मनातल्या मनात त्याला कडे बसवले होते. कोणी मला तसे सांगितलेले नव्हते; मामांचा डावा हात मला सांगत होता. कादंबरी वाचताना वाचक निम्मी कादंबरी आपली आपणच लिहितो हे मी मुलाखतींतून ऐटीत सांगत आलो आहे. पण लिहिणारा वाचक किती आंधळा असतो ते या वेळी कळले.

आणखी एक फरक मला जाणवला. मामांचा रोल संपला की तो एसटीच्या पार्सलने पुण्याला धुवायला जाई आणि आठवड्याने फोटो येत. तो आठवडाही वाट पाहण्याचाच. पण तिथे आपले काम होऊन गेलेले असे. बरे-वाईट जे व्हायचे ते फिल्मवर उमटलेले, आता फक्त कळायचे बाकी. त्या वाट पाहण्यात थोडी भीती असे, कारण चूक झालीच असेल तर ती आपली. येऊ घातलेल्या कॅमेऱ्याची वाट पाहताना भीती मुळीच नव्हती. तो येईपर्यंत मी काढीन ते सारे फोटो उत्तमच असणार होते! त्या सव्वादोन वर्षांत मी मामांच्या कॅमेऱ्यात एकही रोल भरला नाही. नवा येणार आहे ना, मग जुन्यात पैसे कशाला घालवा, असा तो हिशेब. थोरल्या बहिणीची साठी त्याच काळात झाली. तिचे फोटो पुतण्याने फोनवर काढले, आणि तो फोन पुढे पाण्यात पडला.

२०२३ च्या २० सप्टेंबरला झेड एफ आला. आता परीक्षकाने गुणांपासून सुरुवात करावी हे बरे. पुरी चौकट, २४.५ मेगापिक्सेल. तबकड्या पितळेच्या आणि आकडे कोरलेले. या बाबतीत अफवा शंभर टक्के खरी ठरली. बॅटरी-कार्डासह ७१० ग्रॅम, म्हणजे डीएफपेक्षा सुटसुटीत. वेग सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत. एक खटका असा की तो वळवला की जग थेट कृष्णधवल दिसू लागते. ही कल्पना मला फार आवडली, कारण यात जुन्याची नक्कल नाही, नव्याला सुचलेले जुन्याविषयीचे प्रेम आहे. माणसाचा, पाखराचा डोळा तो आपणहून शोधतो. किंमत २०२३ साली अमेरिकेत दोन हजार डॉलर होती. कारागिरी म्हणून पाहिले तर निकॉनने या तिन्हींत सर्वांत समजून-उमजून केलेला कॅमेरा हाच. दुसऱ्या कार्डासाठी नखाएवढी चीर ठेवून त्यांनी काय मिळवले, हे मात्र कळत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. झेड एफची तबकडी खोटे बोलू शकते. एका बाजूला एक छोटा खटका आहे. त्याने कॅमेऱ्याला सांगता येते की वेग तूच ठरव. तसे सांगितले की तबकडीवर २५० असले तरी आत साठही चालू असेल, हजारही असेल. तबकडी सजावटीपुरती उरते. ही सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही. लग्नाच्या धांदलीत मामांनीही तिला दुवा दिला असता. पण मग सातवीतली ती मुलगी तबकडी वाचून काय शिकणार? ऐतिहासिक नाटकात पात्रांनी पगड्या घालाव्यात आणि विंगेतून त्यांची भाषणे कोणी दुसऱ्यानेच म्हणावीत, तसे ते होते. आणि कडे? ते नाही. डोक्यावर एक लहानशी खिडकी आहे, तीत अॅपर्चरचा आकडा तेवढा उमटतो. खास या घाटासाठी काढलेली भिंगे जुन्यासारखी दिसतात, गळ्यात पट्टेही आहेत, पण त्यांवर एकही आकडा नाही. मध्ये जोडतुकडा घालून मामांचे भिंग लावता येते आणि त्याचे कडेही फिरते. परंतु ते कुठल्या घरात आहे याचा कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. फुजीने २०१० साली जे ठेवले ते निकॉनने २०२३ साली का वगळले? कारणे असतील, निकॉनची या बैठकीची भिंगे विजेच्या आज्ञेने चालणारी आहेत. मी फक्त एवढेच नोंदवतो की तिन्ही गोष्टी उघड्यावर वाचता येणे हा जुन्या घाटाचा प्राण होता, आणि तिसरी गोष्ट तेरा वर्षांनीही परत आलेली नाही.

हे मी नुसत्या वाचनावर लिहीत नाही. दिवाळीच्या सुटीत पुण्याला गेलो तेव्हा एका दुकानात तो हातात घेतला. दुकानदार भला माणूस. मास्तर काही विकत घेणार नाहीत हे त्याने ओळखले असावे, तरी कपाटातून काढून दिला आणि चहाही सांगितला. मी तबकडी फिरवली. आवाज अगदी त्या धुक्यातल्या चित्रफितीसारखा, घट्ट आणि गोड. डोळ्याला लावला, आणि माझा डावा हात आपोआप भिंगाच्या गळ्याशी गेला. हाताला पट्टा लागला. मी एक घर फिरवले. तो फिरला, मग आणखी फिरला, आणि फिरतच राहिला. कुठे अडेना, कुठे टक् म्हणेना. तसेच धरून मी क्षणभर उभा राहिलो. दुकानदाराला वाटले, मला फारच आवडला.

येताना एक रोल घेतला, छत्तीस फोटोंचा. त्याची किंमत ऐकून मामा पुन्हा एकदा जेवताना गप्प बसले असते. पैसे मोजत असताना दुकानदार काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "सर, घाई करू नका. पुढचा येतोय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात. अजून नक्की नाही."

रोल पिशवीत टाकून मी दारापर्यंत गेलो, आणि तिथूनच मागे वळून विचारले, "त्याला कडं असेल का हो?"